शिखर, साग आणि सरकणारी लेन्स

उंच इमारतीचा फोटो मान वर करून काढला की इमारत मागे रेललेली दिसते. हा दोष आहे हे कोणालाही लगेच कळते, कारण इमारतीच्या कडा सरळ असतात हे आपल्याला माहीत असते. देवळाच्या नागर शैलीतल्या शिखराचे तसे नाही. ते मुळातच वर जाताना निमुळते होते आणि त्याच्या रेषेला स्वतःची एक वळणदार चाल असते. कॅमेरा वर करून घेतलेल्या फोटोत कॅमेऱ्याने आणलेला निमुळतेपणा या मूळ निमुळतेपणात मिसळून जातो. पाहणाऱ्याला काहीच खटकत नाही, पण शिखराची खरी रेषा मात्र हातची गेलेली असते. देवळांच्या अभ्यासासाठी फोटो काढणाऱ्याने शिफ्ट लेन्सकडे, म्हणजे सरकवता येणाऱ्या लेन्सकडे, वळावे याचे इतके सबळ कारण दुसरे नाही. शहरी वास्तूंपेक्षा गडचिरोलीतल्या मार्कंडादेवच्या देवळांना ही लेन्स जास्त लागते, ती यामुळेच.

गेल्या काही वर्षांत या लेन्सच्या जोडीला एक नवा मोह आला आहे. नेहमीच्या ३६×२४ मिलिमीटरच्या ‘फुल फ्रेम’ सेन्सरपेक्षा मोठा, ४४×३३च्या आसपासचा सेन्सर असलेले कॅमेरे हौशी माणसाच्या आवाक्यात नसले, तरी आवाक्याच्या काठावर आले आहेत. फुजिफिल्मचा जीएफएक्स आणि हॅसलब्लाडचा एक्स१डी हे दोन्ही २०१६ साली जाहीर झाले. त्यांना आरसा नसल्यामुळे लेन्स आणि सेन्सर यांत जागा कमी लागते. मग जुनी किंवा दुसऱ्या कंपनीची शिफ्ट लेन्स अॅडॉप्टर घालून त्यावर बसवता येते. ती बसते, हे खरे. पण बसवून पदरात काय पडते, याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत फोटो काढायला जाणाऱ्याच्या सोयीने तो इथे मांडतो.

आधी थोडे मागे जाऊ. पुरातत्त्व सर्वेक्षणाचा अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४च्या दौऱ्यात मध्य प्रांतात हिंडला आणि त्याच्या अहवालांच्या नवव्या खंडात मार्कंड्याच्या देवळांचे वर्णन आले. त्याच सर्वेक्षणातल्या हेन्री कझिन्सने मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या पुरातन अवशेषांची यादी १८९७ साली काढली. तो काळ काचेच्या प्लेटांचा आणि भात्याच्या कॅमेऱ्यांचा. या कॅमेऱ्यात लेन्सची फळी वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवण्याची सोय मुळातच असे. कॅमेरा सपाट ठेवायचा, फळी वर सरकवायची, शिखर काचेवर उतरते आणि उभ्या रेषा उभ्याच राहतात. म्हणजे आज लाख-दीड लाख मोजून घेतलेली लेन्स जे करते, ते त्या काळच्या लाकडी पेटीत आपसूक होत होते.

पस्तीस मिलिमीटर फिल्मचे आटोपशीर कॅमेरे आले आणि ही सोय गेली. ती परत आणली निकॉनने, १९६२च्या सुमारास आलेल्या ३५ मिलिमीटरच्या पीसी-निक्कोरने. तिचा पुढचा भाग ११ मिलिमीटर सरकत असे. कॅननने १९७३ साली सरकणे आणि कलणे या दोन्ही गोष्टी एकाच लेन्समध्ये घातल्या. पुढे ऑलिम्पस, पेंटॅक्स, श्नायडर, युक्रेनमधली आर्सेनल अशा अनेकांच्या शिफ्ट लेन्सेस निघाल्या. आज जुन्या बाजारात फिरतात त्या बहुतेक याच. नव्या पिढीची सुरुवात निकॉनच्या २४ मिलिमीटर पीसी-ई लेन्सपासून, २००८ साली झाली. पाठोपाठ २००९ साली कॅननच्या १७ आणि सुधारित २४ मिलिमीटर टीएस-ई आल्या. निकॉनची १९ मिलिमीटर २०१६ची. लाओवा या चिनी कंपनीने २०२० आणि २०२२ साली १५ आणि २० मिलिमीटरच्या स्वस्तातल्या, पूर्ण यांत्रिक शिफ्ट लेन्सेस काढल्या.

आता हिशेब. साधी लेन्स सेन्सरच्या कोपऱ्यांपुरतेच गोल चित्र पाडते. फुल फ्रेमचा कर्ण ४३.३ मिलिमीटर असतो, आणि गोल त्याहून जरासाच मोठा. शिफ्ट लेन्स मुद्दाम मोठे गोल पाडते. कॅननच्या १७ आणि २४ मिलिमीटर लेन्सेसचे गोल ६७.२ मिलिमीटर व्यासाचे आहे. सरकवणे म्हणजे या मोठ्या गोलात सेन्सरची चौकट इकडून तिकडे नेणे. जीएफएक्सच्या ४३.८×३२.९ सेन्सरचा कर्ण ५४.८ मिलिमीटर आहे, म्हणजे तो या गोलात आरामात मावतो. साधी फुल फ्रेम लेन्स लावली तर बहुधा कोपरे काळे पडतात, शिफ्ट लेन्सचे पडत नाहीत. या जोडणीचे सगळे आकर्षण इथे आहे.

पण गोल तेवढेच राहते आणि चौकट मोठी होते, त्यामुळे सरकायला उरलेली जागा घटते. कॅमेरा उभा धरला, तर फुल फ्रेमवर ६७.२च्या गोलात वरच्या बाजूला भूमितीने १३ मिलिमीटरहून थोडी जास्त जागा निघते. लेन्स सरकते १२ मिलिमीटर, तेव्हा सगळे शिफ्ट वापरता येते. जीएफएक्स उभा धरला तर तीच जागा ७.४ मिलिमीटरवर येते, आडवा धरला तर ९. मोठ्या सेन्सरवर लेन्सच्या कड्यावरचा १२चा आकडा नुसता शोभेचा उरतो.

यातून निघणारी गोष्ट मला या सगळ्या प्रश्नात कळीची वाटते. २४ मिलिमीटर लेन्स आणि उभा फुल फ्रेम कॅमेरा शिखरापासून २० मीटरवर, छातीच्या उंचीवर सपाट ठेवला आणि १२ मिलिमीटर शिफ्ट दिले, तर जमिनीपासून सुमारे २६ मीटर उंचीपर्यंतचे चित्रात येते. हीच लेन्स जीएफएक्सवर लावून ७.४ मिलिमीटर शिफ्ट दिले, तरी २६ मीटरच. एक हातसुद्धा जास्त नाही. किती वर पाहायचे हे गोल ठरवते आणि गोल लेन्सचे असते, कॅमेऱ्याचे नव्हे. मोठ्या सेन्सरने वाढते ती रुंदी: याच अंतरावर २० मीटरऐवजी २७ मीटर रुंदीचे दृश्य एका फोटोत मावते, आणि पिक्सेल जास्त मिळतात. मोठा सेन्सर घेतला म्हणजे जास्त उंच देऊळ मावेल, या समजुतीने कोणी पैसे घालत असेल तर त्याने इथेच थांबावे.

जोडणी प्रत्यक्षात कशी होते, याकडे वळू. लेन्सच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतर कॅनन ईएफमध्ये ४४ मिलिमीटर, निकॉन एफमध्ये ४६.५ आणि जीएफएक्समध्ये २६.७. फरकाएवढ्या जाडीचे कडे, म्हणजे कॅननसाठी १७.३ आणि निकॉनसाठी १९.८ मिलिमीटरचे, मध्ये बसते. कडे अगदी समांतर हवे. केसभर तिरके असले तरी फोटोची एक बाजू धूसर येते, आणि शिफ्ट दिल्यावर तर हे हमखास दिसते. स्वस्त अॅडॉप्टरच्या आत चकाकी अडवायला केलेली काळी पट्टी कधी कधी गोलाच्या कडाच कापते. अशा वेळी दोष लेन्सला देऊ नये.

छिद्राची (अॅपर्चरची) अडचण आणखी वेगळी. कॅननच्या टीएस-ई लेन्सवर छिद्र बदलणारे कडे नाही, ते कॅमेऱ्याच्या विजेवर चालते. म्हणून फ्रिंजर किंवा टेकार्टसारखे इलेक्ट्रॉनिक अॅडॉप्टर लागतात. नसले तर जुनी युक्ती: लेन्स कॅनन बॉडीला लावायची, एफ/११ ठेवायचे, डेप्थ ऑफ फील्ड पाहण्याचे बटण दाबून धरायचे आणि तसेच लेन्स काढून घ्यायची. छिद्र तिथेच राहते. जुन्या पीसी-निक्कोरला किंवा नव्या लाओवाला असले काही करावे लागत नाही, छिद्र हाताने फिरवायचे. वीज नसलेली लेन्स अॅडॉप्टरवर सर्वांत सुखाने नांदते.

मग जुनीच लेन्स बरी का? इथे माझे मत थोडे कडक आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या शिफ्ट लेन्सेस फिल्मसाठी घडवलेल्या. गोलाच्या मध्यभागी त्या आजही चांगल्या आहेत, पण काठाकडे तपशील विरतो आणि रंगांच्या झालरी दिसतात. शिफ्ट देताना आपण नेमका हा काठच शिखराच्या वरच्या भागाला देतो. पन्नास मेगापिक्सेलच्या जीएफएक्सवर हे चालून जाते, शंभर मेगापिक्सेलवर उघडे पडते. एफ/११पर्यंत छिद्र लहान केले की बरेच सुधारते, त्यापुढे मात्र प्रकाशाच्या विवर्तनाने सगळेच मऊ होऊ लागते. ज्याला दोनशे वर्षांनी कोणी पाहील अशी नोंद करायची आहे त्याने २००८नंतरची लेन्स घ्यावी. ज्याला हात बसवायचा आहे त्याला जुनी पस्तीसची भरपूर शिकवते.

डिजिटलमध्ये आणखी एक उपद्रव आहे. सेन्सरवर किरण फार तिरके पडले की एका बाजूला हिरवट, दुसऱ्या बाजूला जांभळट झाक येते. भात्याच्या कॅमेऱ्यांच्या सममित रचनेच्या वाइड लेन्सेसना हा त्रास फार होतो. एसएलआरच्या शिफ्ट लेन्सेस आरशासाठी जागा सोडून बनवलेल्या असल्यामुळे त्यांचे किरण बरेच सरळ येतात. पूर्ण शिफ्टला थोडी झाक किंवा अंधार राहिलाच तर लेन्सपुढे पांढरी अर्धपारदर्शक अॅक्रिलिक पट्टी धरून त्याच शिफ्टचा एक कोरा फोटो घ्यायचा आणि संगणकावर त्याच्या आधाराने झाक काढायची. शिफ्ट बदलले की कोरा फोटोही नवा लागतो.

आता मोठ्या सेन्सरला टक्कर देणारी पद्धत. फुल फ्रेम कॅमेरा उभा ठेवून लेन्स डावीकडे १२, मध्ये शून्य आणि उजवीकडे १२ अशी सरकवत तीन फोटो घेतले आणि जोडले, तर ४८×३६ मिलिमीटरचा एक सेन्सर वापरल्यासारखे होते. हा जीएफएक्सच्या सेन्सरपेक्षाही मोठा. ४५ मेगापिक्सेलच्या बॉडीवर जोडून सुमारे ९० मेगापिक्सेलचे चित्र मिळते. गोल तेच आहे. मोठा सेन्सर एका दमात घेतो ते लहान सेन्सर तीन दमांत घेतो. एक पथ्य पाळावे लागते: लेन्स सरकली की तिची जागा हलते, आणि जवळचा खांब व मागची भिंत यांच्यातले नाते बदलून जोड चुकतो. म्हणून लेन्स १२ मिलिमीटर उजवीकडे गेली की कॅमेरा सरकत्या रेलवर तेवढाच डावीकडे न्यायचा, म्हणजे लेन्स जागच्या जागी राहते. मंडपाच्या आत हे पथ्य फार महत्त्वाचे. मोकळ्या आवारात लांबून घेताना फारसा फरक पडत नाही.

मार्कंड्याला ही तीन फोटोंची पद्धत पुरेशी आहे, असे मी म्हणेन. वैनगंगेकाठचा हा समूह चामोर्शी तालुक्यात आहे, विदर्भाचे खजुराहो म्हणून त्याची ख्याती आहे, आणि मुख्य देवळाच्या बाह्यभिंतीवर मूर्तींच्या ओळीच्या ओळी आहेत. दगड हलत नाही. ऊन ढगाआड जायच्या आत तीन फोटो सहज होतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वास्तूंत ट्रायपॉडला पूर्वपरवानगी लागते, तिची तजवीज जाण्यापूर्वी करावी. हातात धरून हे काम होत नाही. आणि जागा असेल तर मागे सरकून लांब पल्ल्याची शिफ्ट लेन्स वापरावी. रुंद कोनाच्या लेन्समध्ये उभे पृष्ठ अचूक येते, पण गोल वस्तू काठाकडे ताणली जाते. ५० अंशांवरची गोल वस्तू रुंदीच्या दीडपटीहून जास्त उंच दिसते, आणि शिखराच्या माथ्यावरचा चकतीसारखा आमलकही तसाच ताणला जातो. म्हणजे कडा सरळ झाल्या आणि माथा बिघडला! ४५ मिलिमीटर लेन्सने तीच २६ मीटर उंची गाठायला सुमारे ३७ मीटर मागे जावे लागते, पण आमलक आमलकासारखा दिसतो.

जंगलात पारडे फिरते. आलापल्लीजवळचे ‘वनवैभव’ हे राखून ठेवलेले नैसर्गिक जंगल महाराष्ट्रातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ. २०१४ साली तो दर्जा मिळाला. तिथे किंवा त्या पट्ट्यात कुठेही ३० मीटरचा साग मुळापासून शेंड्यापर्यंत सरळ घ्यायचा, तर २४ मिलिमीटरला सुमारे २३ मीटर मागे जावे लागते, १७ मिलिमीटरला १६. दाट रानात १६ मीटरची मोकळी नजर मिळणेच कठीण. मिळाली तरी पाने हलतात, बांबू डोलतो, उन्हाचे कवडसे सरकतात. तीन फोटो जोडायला बसलो की फांद्यांची दोन-दोन टोके निघतात. इथे एकाच फोटोत काम संपवणारा मोठा सेन्सर खरा उपयोगी, आणि शिफ्ट लेन्स अॅडॉप्टरने त्यावर बसवण्याला इथेच अर्थ आहे. देवळात हट्टाने मोठा सेन्सर आणि जंगलात हट्टाने जोडकाम, हे दोन्ही उलटे.

झाडांबाबत एक शंका मात्र मनात राहतेच. ६० अंशांवरचा गोलसर शेंडा अशा फोटोत रुंदीच्या दुप्पट लांबुळका दिसतो. बुंधे सगळे काटेकोर उभे आणि वर ताणलेले शेंडे, हे जंगल कोणी पाहिलेले नसते. सागाखाली उभे राहून वर पाहणाऱ्याला बुंधे जवळ येताना दिसतातच. म्हणून रानात शिफ्ट अर्धे द्यावे, उरलेले कॅमेरा किंचित वर करून भागवावे. नोंदीसाठीचे चित्र आणि पाहण्यासाठीचे चित्र यांना एकच नियम लावू नये.

चंद्रपूर शहरात अडचण अंतराची आहे. गोंडकालीन परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या. जटपुरा दरवाज्यासमोर मागे सरकायला रस्ता आहे, पण त्यावर रहदारी आहे आणि वर तारा. इथे शिफ्टचा एक दुर्लक्षित उपयोग कामी येतो: खांब किंवा फलक आड येत असेल तर कॅमेरा पावलभर बाजूला न्यायचा, त्याचे तोंड दरवाज्याला समांतर ठेवायचे आणि लेन्स आडवी सरकवून दरवाजा पुन्हा मध्यभागी आणायचा. समोरून घेतल्यासारखाच दिसतो, खांब जातो. बाबूपेठेतल्या भल्यामोठ्या अर्धवट दगडी मूर्तींना सरकण्यापेक्षा कलणे जास्त लागते. सपाटीवर पडलेली लांब मूर्ती एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत स्पष्ट हवी, तर लेन्स पुढे कलवून फोकसचे प्रतलच तिच्या अंगावर आडवे करायचे. ऑस्ट्रियाच्या थिओडोर शाइम्फ्लुगने १९०४ साली मांडलेला नियम तो हाच. मोठ्या सेन्सरवर फोकसची खोली कमी मिळते, तेव्हा त्यावर कलण्याची (टिल्टची) गरज वाढतेच.

अॅडॉप्टर टाळून हे काम होते का? होते, पैसे असतील तर. फुजिफिल्मने २०२३ साली जीएफएक्ससाठीच ३० आणि ११० मिलिमीटरच्या टिल्ट-शिफ्ट लेन्सेस जाहीर केल्या. ३० मिलिमीटरची १५ मिलिमीटर सरकते, म्हणजे मोठ्या सेन्सरला खरोखर पुरणारे गोल पाडते. त्याआधी हॅसलब्लाडने आपल्या एच मालिकेसाठी २००८ साली एक टिल्ट-शिफ्ट अॅडॉप्टर काढला होता. तो लेन्सची फोकल लांबी दीडपट करतो, त्यामुळे रुंद कोनाला कामाचा नाही.

आणि एक बिनखर्चाचा मार्ग आहे, त्याची शिफारस दुकानदार करणार नाही. चौकटीचा खालचा भाग कापून टाकणे हेही शिफ्टच आहे. शंभर मेगापिक्सेलच्या जीएफएक्सवर त्याच सेन्सरसाठी बनवलेली साधी २० मिलिमीटर लेन्स लावून कॅमेरा उभा आणि सपाट ठेवला, तर क्षितिजापासून ४७ अंशांपर्यंत वरचे दिसते. २४ मिलिमीटर शिफ्टने ५०-५१ अंश दिसते. फरक तीन-चार अंशांचा. खालची जमीन कापून टाकली तरी साठेक मेगापिक्सेल हाती राहतात. मासिकाच्या पूर्ण पानाला ते जास्तच होतात. ज्याच्याकडे मोठा सेन्सर आधीच आहे त्याने शिफ्ट लेन्स शोधण्यापूर्वी हे करून पाहावे.

कॅमेरा वर करून काढलेला फोटो संगणकावर सरळ करणे हा मार्ग मात्र शेवटचा. सरळ करताना वरचा भाग ताणला जातो, म्हणजे कोरीव काम जिथे बारीक आहे तिथेच तपशील पातळ होतो. शिवाय उंचीचे प्रमाण किती धरायचे हे संगणकाला नीट कळत नाही, आणि शिखराच्या बाबतीत तेच तर हवे असते.

हवामानाचा विचार न करता या भागात कोणी येऊ नये. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५च्या वर जातो. तापलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रात दाणेदारपणा (नॉइज) वाढतो, आणि जुन्या शिफ्ट लेन्सच्या दातेऱ्यांतले वंगण पातळ होऊन तेल छिद्राच्या पाकळ्यांवर उतरते. पावसाळ्यात गडचिरोलीच्या दमट हवेत काचेला बुरशी लागते. शिफ्ट लेन्सला सांधे जास्त, त्यामुळे धूळ आत जायला वाटाही जास्त. शिवाय अॅडॉप्टर म्हणजे आणखी एक फट. सिलिका जेलचा हवाबंद डबा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम, एवढे जपले तरी निम्मे प्रश्न मिटतात.

माझा निवाडा असा. देवळे, समाध्या, दरवाजे हे काम असेल तर फुल फ्रेम बॉडी, २००८नंतरची २४ मिलिमीटर शिफ्ट लेन्स, सरकती रेल आणि चांगला ट्रायपॉड घ्या. मोठ्या सेन्सरचे पैसे वाचवा. जंगल हे काम असेल आणि मोठा सेन्सर हाताशी असेल तर हीच लेन्स अॅडॉप्टरने त्यावर लावा, पण सात-आठ मिलिमीटरच्या पुढे शिफ्टची अपेक्षा ठेवू नका. आणि मार्कंड्याला जाल तेव्हा फोटोसोबत लेन्स, शिफ्टचे मिलिमीटर, कॅमेऱ्याची उंची आणि भिंतीपासूनचे अंतर वहीत लिहून ठेवा. हे चार आकडे असतील तर तुमच्या फोटोवरून उद्याचा अभ्यासक शिखर मोजू शकेल.